वाटून घेतलेलं बी.कॉम.

ताई, कावळा लगेच शिवला. तुमचा सागर पिंड ठेवून मागे सरकला न सरकला तोच तो आला, भाताला चोच मारली आणि उडून गेला. घाटावरची माणसं हुश्श झाली. ऊन चढलं होतं, सगळ्यांना घरी जायची घाई होती. "मंगल लई गुनाची बाई. कशातच जीव आडकला न्हाई तिचा," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र तुमच्यावर इतकी चिडले की हातातला तांब्या दगडावर आदळला. लोकांना वाटलं, हातातून सुटला.

कशातच जीव अडकला नाही? आठवड्यावर पेपर आले होते, ताई! दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर, पुस्तकांना घातलेली वर्तमानपत्राची कव्हरं अजून नवी, आणि तुम्ही म्हणे तृप्त! जरा अडून तरी बसायचं. लोकांची एका पिंडापायी दुपार टळते. कुणी पुढं होऊन म्हणतं, पोरीचं लगीन नीट करू. कुणी म्हणतं, भाऊ-भाऊ भांडणार न्हाई. तेव्हा कुठे तो कावळा खाली उतरतो. तुमच्या वेळी कुणाला काही कबूल करायची वेळच आली नाही. जन्मभर कुणाला ताटकळत ठेवलं नाहीत, तेव्हाही नाही. हीच तुमची खोड मला कधी आवडली नाही.

मी ह्या घरात धाकटी सून म्हणून आले, तेव्हा आपलं पहिलं वर्ष एकमेकींकडे तोंड वाकडं करण्यात गेलं. जावा-जावांकडून गावाची तीच अपेक्षा असते आणि ती आपण मन लावून पुरी केली. मग एके दिवशी गोठ्यात धार काढताना तुम्ही मान वर न करता विचारलंत, "तुझी बारावी कॉमर्सची हाय ना गं?"

"हाय. का?"

"माझी बी हाय."

मला हे माहीतच नव्हतं. घरात कुणालाच आठवत नव्हतं बहुतेक. बादलीत धार सोडता सोडता तुम्ही म्हणालात, "मुक्त विद्यापीठाचं बीकॉम करायचं का? एकलीला लाज वाटती. दोघी असलो तर लोकांचं हसू वाटून घेता येईल." त्या दिवसापासून आपलं तोंड सरळ झालं.

आणि वाटून घेणं म्हणजे तरी किती! ह्या घरात सगळंच वाटलेलं होतं. तुमच्याकडे भाकरी, माझ्याकडे कालवण. तुमच्याकडे धुणं, माझ्याकडे भांडी. पुस्तकं आली तशी आपण तीही ओट्यावर मांडली आणि निम्मी-निम्मी केली. अकाउंट आणि कॉस्टिंग तुमचं. कायदा, अर्थशास्त्र, व्यवस्थापन माझं. आपापलं वाचायचं आणि काम करता करता दुसरीला तोंडी समजावून सांगायचं. एवढ्या कामात दोघींनी सगळं वाचायला वेळ होता कुणाला? पारनेरच्या केंद्रावर रविवारी तास घ्यायला येणाऱ्या सरांना तुम्ही ही युक्ती मोठ्या कौतुकानं सांगितलीत. सर हसले. म्हणाले, "अहो बाई, पेपर वाटून येत नाही." बाहेर आल्यावर तुम्ही पदर खोचत म्हणालात, "ह्यांना काय ठाव जावांचं काम कसं चालतं ते."

पहिल्या वर्षी तुमचंच खरं ठरलं. दोघी पास झालो, आणि माझ्या विषयांत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, हे मी अजून विसरले नाही.

तुम्ही शिकवायचात तेव्हा गोठा म्हणजे आपला वर्ग. घसारा तुम्ही मला म्हशीवर शिकवलात. "बग, ही चंद्री घेतली तवा पहिलारू हुती. आता जुनी झाली. दर वर्साला तिची किंमत थोडी थोडी कमी धरायची. कारखान्यातल्या यंत्राचं बी तसंच."

"पन ती व्याली की किंमत वाढती, त्याचं काय?"

तुमची धार थांबली. बराच विचार केलात तुम्ही. मग म्हणालात, "पुस्तकात म्हशी न्हाईत, यंत्रं हायेत. यंत्र व्यात न्हाई. मास्तरीन बोलती तवा मधी बोलू नये."

माझी पाळी आली तेव्हा मी तुम्हाला करार शिकवला. एकानं देऊ करायचं, दुसऱ्यानं मान्य करायचं, आणि दोघांची संमती मोकळी पाहिजे. दडपणाखाली घेतलेली असेल तर तो करार मोडता येतो. तुम्ही परातीत पीठ मळत होतात. हात तसाच पिठात ठेवून म्हणालात, "मंग माझ्या लग्नात मला कोनी इचारलं हुतं? माझा करार मोडता येतो की!" आणि जे हसत सुटलात, की सासूबाई बाहेरून ओरडल्या, "आगं, काय झालं?" आपण दोघी म्हणालो, "काय न्हाई आत्या, अभ्यास." त्यानंतर थोरले भाऊजी कशावरून तापले की तुम्ही माझ्याकडे बघून फक्त भुवई उडवायचात. मला कळायचं, करार धोक्यात आहे.

हे हसणं आता ह्या घरात कुणाकडे नाही, ताई. भाऊजी ओसरीवर बसून असतात. त्यांच्यापुढे ताट ठेवलं की ते आधी वर बघतात, मी आहे हे दिसतं, मग जेवायला लागतात. मला त्यांचा राग येत नाही, पण तिथे थांबवत नाही.

आपला एक वाद मात्र अर्धाच राहिला. तुम्हाला सुप्यात गाळा घ्यायचा होता. एमआयडीसीच्या रस्त्याला इतकी छोटी वर्कशॉपं, हॉटेलं, टेम्पोवाले. त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरायचे, हिशेब लिहून द्यायचे, आणि बाहेर दोघींच्या नावाची पाटी. पाटीचा रंगसुद्धा तुमचा ठरला होता. मला मात्र कंपनी पाहिजे. अकाउंट खात्यात खुर्ची, गळ्यात ओळखपत्र, ठरल्या तारखेला पगार. तुम्ही म्हणायचात, "दुसऱ्याच्या हापिसात मान खाली घालून बसायला बीकॉम करतीस व्हय?" मी म्हणायचे, "आन गाळ्याचं भाडं कोन भरनार? चंद्री?" शेवटच्या वेळी जरा जास्तच जुंपली. तुम्ही कपाळाला हात लावून म्हणालात, "जाऊ दे आता. डोकं दुखतंय. ताप येतोय वाटतं. उद्या बोलू." त्या तापानं तुम्हाला परत बोलू दिलं नाही.

तुम्ही गेलात म्हणून मी माझं म्हणणं बदलणार नाही, सांगून ठेवते. गाळा हा येडेपणाच होता. आपल्याला कोण ओळखतं सुप्यात? पण समोरून कुणी उलटं बोललं नाही तर जिंकण्यात काय चव? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ओळख बसून व्हती का? पाटी लावली की व्हती." बघा, तुमचं उत्तरही आता मलाच द्यावं लागतंय.

दहाव्यानंतर मला घरात कुठेच बसवेना. धुतलेली भांडी परत धुवायचे. गोठ्यात जाऊन उगाच उभी राहायचे. शेवटी तुमचं अकाउंटचं पुस्तक आणि वही काढली. वाटलं, तुम्ही कुठेतरी काहीतरी लिहून ठेवलं असेल. होती ना, गणितं होती. एकाखाली एक, सुबक, सगळी सुटलेली. पण एका शब्दाचा खुलासा नाही. आकडा इकडून तिकडे का गेला, ते कुठे म्हणून लिहिलेलं नाही. लिहाल कशाला? तुमचं सगळं तोंडात होतं. चंद्रीच्या शेपटीशी बसून मला सांगायचं म्हणून राखलेलं. निम्मं पुस्तक तुम्ही मला शिकवलं होतं आणि निम्मं घेऊन गेलात. सरांचं म्हणणं तेव्हा मला पटलं, पेपर खरंच वाटून येत नाही.

मग मी ठरवलं, परीक्षा द्यायची नाही. खरं तर ठरवायचीही गरज पडली नाही. माझ्यासाठी सगळ्यांनी ते आधीच ठरवलं होतं, तेही मायेनं. माझे मालक म्हणाले, "ह्या वर्षी राहू दे. मन थाऱ्यावर न्हाई, कशाला ओढाताण?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता थोरलीचं काम बी तुझ्यावरच आलं, अभ्यास कवा करशील?" कुणी रागावलं असतं, आडवं आलं असतं तर मी भांडून गेले असते. भांडायला मला येतं. पण सगळे पाठीवरून हात फिरवत होते, आणि पाठीवर हात असला की माणूस बसूनच राहतं. आणि वर तो कावळा होताच. तुमचंच काही राहिलं नव्हतं, तर मी कुणासाठी धावू?

एका दुपारी मी आणि आत्या ओसरीवर मेथी निवडत होतो. आत्यांनी विचारलं, "तुमचा पेपर कवा हाय?"

"सोमवारपसनं. पन मी न्हाई बसनार."

आत्यांनी हातातली काडी खाली टाकली. "आसं कसं? मी बोलून बसलेय."

"कोनाशी?"

भाऊजी आत आडवे झाले होते, त्यांनी आधी त्या खोलीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "घाटावर. पिंड मांडायच्या आधीच मी मनात म्हनलं, मंगल, धाकटीला मी पेपरला पाठवीन. तू आडू नको, तुजं पोरगं उनात हुबं हाय. आन बग, लगीच आला."

ताई, माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. म्हणजे तुमचं राहिलं होतं. आणि ते ह्या बाईला माहीत होतं! आपण अभ्यासाला बसलो की जी भांडी आपटायची, "म्हाताऱ्या झाल्यावर शाळा" म्हणायची, तिला बरोबर ठाऊक होतं तुमचा जीव कशात आहे. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला संताप. मी म्हटलं, "आन मला न इचारता कबूल केलंत? ज्याचं त्याला नको का इचारायला?"

"इचारलं आस्तं तर न्हाई म्हनली आस्तीस."

"व्हय, म्हनले आस्ते!"

"म्हनूनच न्हाई इचारलं," आत्या म्हणाल्या आणि परत मेथी निवडायला लागल्या. खालच्या मानेनंच पुढं म्हणाल्या, "तू न्हाई गेलीस तर मी तिच्याम्होरं खोटी पडन. ती कदी खोटं बोलली न्हाई माज्याशी. चंद्रीची धार म्या काढीन. तू बस पुस्तक घिऊन." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मेथीवर पडलं, तरी हात चालूच होते. तेव्हा मी रडले, ताई. तुम्ही गेल्यापासून लोकांच्या गळ्यात पडून रडले होते, पण ते रडणं वेगळं होतं. ह्या वेळी आम्ही दोघी तुमच्यासाठी रडलो.

अभ्यास मात्र डोळे पुसल्यानं होत नाही. मला एकटीला वाचून कळतच नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. सवयच लागली ना, एकीनं बोलायचं आणि दुसरीनं मध्ये तोंड घालायचं. शेवटी आत्यांना गोठ्यात समोर बसवलं आणि तुमचं पुस्तक मोठ्यानं वाचून त्यांना समजावायला लागले. त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. "व्हय", "बरं", "मंग?" एवढंच म्हणायच्या, तेही भलत्या जागी. एकदा मी संपूर्ण ताळेबंद बोलून दाखवला तर म्हणाल्या, "हे सगळं खरंय का गं, का नुस्तं पुस्तकातलं?" आणि त्यावर मी काही सांगायच्या आत खांबाला टेकून झोपल्याही. तरीसुद्धा जमायला लागलं. बोलता बोलता एखादा आकडा का हलला ते कळायचं. सगळंच नाही कळलं. कॉस्टिंगचे शेवटचे धडे गेलेच. भागीदारीत 'भागीदाराचा मृत्यू' म्हणून एक प्रकरण आहे, ते मी वाचायला घेतलं आणि मिटलं. पुस्तकवाल्यांना काय, त्यांना कुणी भागीदार मेला तरी गणितच घालायचं असतं.

एक सांगायचं राहून गेलं होतं, ते आत्ता सांगते. मी बारावीला नापास होता होता वाचलेली पोरगी, ताई. माहेरी सगळे म्हणायचे, हिला आकडे बघितले की घाम फुटतो. मी कधी गणित करेन असं मलाही वाटलं नव्हतं. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की सोपं आहे. "अवघड हाय, पन दुधाची बादली उचलतीस तेवढंच अवघड," असं म्हणायचात. कुणी मला इतका सरळ धीर दिला नव्हता. तुमच्यासमोर हे बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, नाटकं बास, शेण काढ.

पेपर नगरला होते. पहिल्या दिवशी कॉलेजच्या फाटकातून आत शिरले आणि लिंबाखाली रूथबाई दिसल्या. त्याच, श्रीरामपूरच्या, अंगणवाडीवाल्या. मागच्या वर्षी दोन पेपरांच्या मधल्या वेळात आपण तिघींनी एकत्र डबे खाल्ले होते. त्यांनी मला पाहायच्या आत मी दुसऱ्या जिन्यानं वर गेले. त्यांचा नंबर पलीकडच्या इमारतीत होता, म्हणून चुकवणं जमलं. पुढच्या पेपरांनाही तेच केलं. त्यांना सांगायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, आणि त्या "अरे देवा" म्हणणार, आणि मी पेपरआधी कोलमडणार. माझ्या बाकाशेजारी तुमच्या नंबरचा बाक होता. पर्यवेक्षक बाई रोज तिथे येऊन थांबायच्या, कागदावर लाल शाईत काहीतरी करायच्या आणि पुढे जायच्या. मी रोज त्या वेळी पाणी प्यायचे.

माझे विषय बरे गेले. काल शेवटचा, अकाउंटचा, झाला. घसारा आला होता. तो मी डोळे मिटून सोडवला असता. भागीदाराच्या मृत्यूचंही गणित आलं होतं, नेमकं. त्याला पर्याय होता. मी पर्याय सोडवला. तो अर्धाच जमला. ताळेबंद काही केल्या जुळेना, वेळ संपत आला. तो न जुळलेलाच ठेवून मी पेपर दिला. काठावर पास होईन, नाहीतर हा एक विषय राहील. राहिला तर परत देईन. हे मी आत्यांना नाही, तुम्हाला सांगतेय. त्यांचं कबूल केलेलं काल पुरं झालं.

बाहेर आले, चुकवायचं भान राहिलं नव्हतं. रूथबाईंनी फाटकातच गाठलं. "अहो, किती दिवस शोधतेय तुम्हाला! कसा गेला?"

"ठीक गेला."

"माझा तर ताळेबंदच जुळला नाही," त्या हसून म्हणाल्या. "आणि तुमच्या जाऊबाई कुठायत? त्यांचा तर मस्त गेला असणार."

माझ्या तोंडात सगळं होतं, ताई. ताप, घाट, ओसरीवर बसलेले भाऊजी. तुमच्या जाण्याच्या गोष्टीला आता मी इतकी सरावलेय की ती आपोआप सुरू होते. पण रूथबाईंचा चेहरा इतका मोकळा होता, आणि सगळ्या नगर जिल्ह्यात त्या एकट्याच होत्या ज्यांच्या लेखी तुम्ही काल पेपर दिला होता. मी म्हणाले, "मस्त गेला. त्यांचा पहिल्या झटक्यात जुळला."

"वाटलंच मला! पुढं गेल्या का?"

"व्हय, एसटी धरायला."

"त्यांची ती शेंगदाण्याची चटणी, अजून जिभेवर आहे बघा. पुढच्या वर्षी जास्त आणायला सांगा त्यांना. तिसरं वर्ष आहे, तिघी मिळूनच बसू." त्यांनी माझा हात दाबला, आणि त्यांची गाडी सुटेल म्हणून पळतच गेल्या.

मी त्यांच्या पाठीमागून म्हणाले, "सांगते."

म्हणून सांगतेय, ताई. पुढच्या वर्षी चटणी जास्त लागेल. तुम्ही त्यात लसूण किती घालायचात, ते मला कधी सांगितलं नाहीत. बघते मी.